टप नसलेली गाडी

मला गाड्यांतलं काही कळत नाही. सरकारी कचेरीत सदतीस वर्षं खर्डेघाशी केली, बसने गेलो, बसने आलो, आणि निवृत्त झालो तेव्हाही माझ्या नावावर साधी सायकल नव्हती. पण वेडेपणा ओळखायला गाड्यांतलं कळावं लागत नाही. आमच्या गोरेगावच्या सोसायटीत पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाने एका अमेरिकन गाडीपायी अकरा वर्षं जे चाळे केले, ते मी तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून रोज पाहिले आहेत. त्याबद्दल मला जे वाटतं त्याला तुच्छता हाच त्यातल्या त्यात सभ्य शब्द आहे.

तो माझ्याच वयाचा. त्याचे वडील आणि माझे वडील एकाच गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर दोघांनी परळच्या खोल्या विकल्या आणि एकाच वर्षी इथे घरं घेतली. विशीत आम्ही दोघं गच्चीच्या कठड्याला टेकून तासन्‌तास गप्पा हाणायचो. मग मी कचेरीत चिकटलो आणि तो सिनेमाच्या लायनीत गेला. कॅमेऱ्यासमोर नव्हे, स्टुडिओंना शूटिंगसाठी गाड्या पुरवायच्या, हे त्याचं काम. पोलिसांची जीप पाहिजे, आहे. जुनी काळीपिवळी पाहिजे, आहे. एवढ्यावरून त्याने समज करून घेतला की आपण कलावंत आहोत. डोक्यावर कॅप आली, डोळ्यांवर घरातसुद्धा गॉगल आला. लग्न त्यानेही केलं नाही आणि मीही केलं नाही, पण मी त्याची कारणं लोकांना सांगत फिरत नाही.

ती गाडी आली तीही अशीच, कुठल्यातरी सेटवरून. मारामारीच्या सीनमध्ये जाळायला आणून ठेवली होती म्हणे; सीन रद्द झाला आणि गाडी तिथेच गवतात कुजत पडली. याने ती उचलून आणली. टोइंगच्या ट्रकवरून कंपाउंडमध्ये उतरवली तेव्हा सगळी बिल्डिंग गॅलरीत उभी होती. दोन दारं, त्यातलं एक दोरीने बांधलेलं. सीटच्या जागी उंदरांची वस्ती. आत वाकून पाहिलं तर तळातून जमीन दिसायची. वर टप नाहीच.

"कन्व्हर्टिबल आहे रे," तो मला म्हणाला. "टप उघडतो हिचा."

"उघडायला आधी तो असावा लागतो ना?"

"तुला नाय कळणार. मसल कार आहे ही. मसल!" असं म्हणून त्याने शर्टाची बाही वर सारली आणि मला दंडाची बेटकुळी दाखवली. बेटकुळी कसली, सुकवलेला बोंबील.

त्यानंतरच्या अकरा वर्षांत कंपाउंडचा तो कोपरा आमच्यासाठी मेला. तिथे आधी सत्यनारायणाचा मांडव पडायचा, उन्हाळ्यात कॅरम मांडला जायचा. आता तिथे पत्रे ठोकणारे, वेल्डिंग करणारे, रंग फवारणारे आले. थिनरच्या वासाने डोकी उठायची. अमेरिकेहून खोके यायचे, आणि एखादा दिवा नाहीतर दाराची कडी तो फडक्यात गुंडाळून आम्हाला अशी दाखवायचा, जणू काशीहून गंगा आणली. बंपर तो टूथब्रशने घासायचा. त्या सुमारास त्याच्या आईचं वर्षश्राद्ध होतं. तो गेला होता भांडुपला, गाडीचं रेडिएटर दुरुस्त करून आणायला. याला तो 'रिस्टोर करणं' म्हणायचा. लिपस्टिकसारखा लालभडक रंग, पांढऱ्या रेक्झिनच्या सीटा आणि आरशात तोंड बघावं असा क्रोम. एवढं सगळं झालं आणि टप काही बसेना. काळ्या कापडाचा टप त्याने शिवून घेतला, मोटर लावली, पण तो अर्ध्यावर येऊन अडकायचा, कोणीतरी हात वर करून आळस देताना तसाच राहिल्यासारखा. शेवटी वैतागून त्याने टप काढूनच ठेवला. आमच्याकडे टप नसलेल्या गाडीला टेम्पो म्हणतात.

दर रविवारी सकाळी सातला तो ती सुरू करायचा. आठ सिलिंडरचं इंजिन. आमच्या स्वयंपाकघरातली मांडणी थरथरायची, पेले एकमेकांवर आपटायचे. पंधरा मिनिटं नुसती जागेवर घुमवायची आणि बंद करायची, कारण जायचं कुठे? बाहेर मेट्रोच्या खांबांखाली अर्धा रस्ता, त्यात खड्डे. तीनशे घोड्यांची ताकद आहे म्हणून सांगायचा. त्या तीनशे घोड्यांना मी एका भाजीच्या हातगाडीमागे दहा मिनिटं मुकाट चालताना पाहिलंय.

एकदा मीही बसलो होतो त्या गाडीत, हे लपवत नाही. वर्सोव्याच्या बाजूला जुन्या गाड्या बाळगणाऱ्या लोकांचा मेळावा होता आणि याला सोबत पाहिजे होती. अमेरिकन गाडी, त्यामुळे स्टिअरिंग डावीकडे. मी उजवीकडे, जिथे आपल्याकडे ड्रायव्हर बसतो तिथे, हात मांडीवर ठेवून बसलेलो. समोरून येणारे लोक माझ्याकडे बघून दचकायचे. डोक्यावर ऊन, तोंडात धूळ आणि खांद्यावर कावळ्याने कधी काय टाकलं ते वर्सोवा येईपर्यंत कळलंही नाही. सिग्नलला एका रिक्षावाल्याने मान बाहेर काढून विचारलं, "सेठ, कितना देती है?" हा अभिमानाने म्हणाला, "तीन." लिटरला तीन किलोमीटर. रिक्षावाला माझ्याकडे बघून हसला, आणि त्या प्रवासात मला समजून घेणारा तेवढा एकच माणूस भेटला. मेळाव्यात सगळे याच्यासारखेच. एकमेकांची बॉनेटं उघडून आत डोकावत होते आणि मान हलवत होते. मी परतताना बस पकडली.

तर अशी ही गाडी. आता आईबद्दल सांगतो, कारण गाडीचं मला कधीच काही पडलेलं नव्हतं. प्रश्न आईचा होता.

आई चौऱ्याऐंशी वर्षांची. मालवणकडची. मुंबईत साठ वर्षं काढली तरी बोली तीच. आमची बिल्डिंग तळमजला आणि वर तीन, लिफ्ट नाही. तिचे गुडघे गेल्यापासून ती तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरली नव्हती. डॉक्टरकडे न्यायचं झालं तर दोन माणसं बोलावून खुर्चीतून उतरवायची. अशी तीन वर्षं. देवळात जायला मिळत नाही, नातेवाइकांकडे जाता येत नाही, याची तिला खंत नव्हती. तिला पाहिजे होता मासळीबाजार. स्वतःच्या हाताने गालफड उघडून बघायचं, बोटाने दाबायचं, कोळणीशी भांडायचं, एक टोपली सोडून दुसरीकडे जायचं आणि परत पहिलीकडेच यायचं. तीन वर्षं मासे मी आणत होतो आणि तीन वर्षांत एकदाही मी आणलेला मासा तिला पसंत पडला नाही.

"ह्यां काय हाडलंस?" पिशवीत डोकावून ती म्हणायची. "ह्येचे डोळे बघ. तुझ्या बापाशीचे शेवटच्या दिसात असेच झालेले."

खायची ती, पण दोन घास. उरलेलं मांजरीला. गेल्या वर्षी तर ती मासे मागायचीच बंद झाली. "तुका जमणा नाय, जावंदे," म्हणायची आणि डाळभात खायची. मालवणी बाई डाळभातावर आली म्हणजे काय, हे ज्याला कळायचं त्याला कळेल. मला त्याने फार लागायचं.

त्याच सुमारास बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. सोसायटीचा सेक्रेटरी मीच. करार झाला की सगळ्यांनी घरं खाली करायची, नवी बिल्डिंग उभी राहीपर्यंत बिल्डर भाडं देणार. मी बाजाराच्या मागच्याच गल्लीत एक भाड्याचं घर हेरूनही ठेवलं होतं. चौथा मजला, पण लिफ्ट. लिफ्टमधून उतरायचं, कोपऱ्यावर वळायचं, समोर कोळणी. आईला मी ते फोनवर फोटोत दाखवलं. तिने घर पाहिलंच नाही. लिफ्टचा फोटो मात्र मोठा करून करून पाहिला. माझ्या पेन्शनीत असं घर एरवी बसण्यासारखं नव्हतं, त्यामुळे सगळं त्या करारावर अडलेलं. कायद्याने बहुमत पुरे होतं, पण बिल्डरला कोर्टकचेरी नको होती. सोळाच्या सोळा सह्या आणा, मग बघू, म्हणाला. पंधरा सह्या आठवड्यात झाल्या. सोळावी पहिल्या मजल्यावर अडली.

कारण गाडी. नव्या बिल्डिंगमध्ये पार्किंग यांत्रिक. लोखंडी ट्रेवर गाडी चढवायची, ट्रे वर नाहीतर खाली जाणार. ती अमेरिकन म्हैस त्या ट्रेपेक्षा हातभर लांब. तळमजल्यावर साध्या, मोकळ्या जागा फक्त चार होत्या. "त्यातली एक मला द्या, आत्ता सही करतो," तो म्हणाला. त्याला तशी दिली असती तर उरलेल्या चौदा जणांनी माझी वाट लावली असती. म्हणून मी ठराव मांडला की चिठ्ठ्या टाकू. ज्याला जी जागा येईल ती त्याची. सगळ्यांनी मान्य केलं, त्यानेही केलं.

चिठ्ठ्या कोणी उचलायच्या? बिल्डिंगमधल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाने. म्हणजे आई. ती खाली येऊ शकत नाही म्हणून सभा आमच्या घरी भरली. खाटेवर आई, पुढ्यात स्टीलची दोन पातेली, एकात घरांचे नंबर, दुसऱ्यात जागांचे. बिल्डिंगमध्ये निम्मी घरं कोकणातली. आईने पातेल्यांकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि कोणी सांगितलेलं नसताना हात जोडून गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" सवयीने सगळे बोलून गेले.

"आज ह्या लेकरांनी जो काय घाट घातलेलो आसा, तो तडीस ने रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"ज्येका जी जागा व्हयी, ती त्येका गावां दे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" सर्वांत मोठ्याने ओरडला तो पहिल्या मजल्यावरचा. मी त्याच्याकडे बघून हसलोही.

झालं. आता ही साधी पार्किंगची सोडत राहिली नाही, गावच्या देवाचा कौल झाला. कौल मोडत नसतात. आईने चिठ्ठ्या उचलल्या. त्याला आला खड्ड्यातला ट्रे. आणि तळमजल्यावरच्या चार जागांपैकी एक, गेटजवळची, सर्वांत ऐसपैस, मला आली. ज्याच्याकडे सायकलसुद्धा नव्हती त्या मला.

सगळे माझ्याकडे बघत होते. अदलाबदल करायला नियमाची आडकाठी नव्हती, हे मीच सकाळी वाचून दाखवलं होतं. मी एक शब्द बोललो असतो तर त्याच खाटेवर सोळावी सही झाली असती. तो भिंतीला टेकून उभा होता, गॉगल हातात. मागेल, असं मला वाटलं. नुसतं "देतोस का रे?" म्हणाला असता तरी मी दिली असती, असं मी स्वतःला नंतर अनेकदा सांगितलं. तो गॉगल चढवून निघून गेला. आणि मी चिठ्ठी घडी करून खिशात घातली आणि म्हणालो, "चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी. देवाचा कौल आहे."

सगळे गेल्यावर आई म्हणाली, "गाडी तुझ्याकडे नाय, जागा तुका नको. मगे ती कवटाळून कित्याक बसलंस? दी त्येका."

"त्या डबड्यासाठी? आधी त्याला वर येऊन मागू दे."

"मागूकच व्हयी?"

"हो. दोन मजले चढून यायचं आणि हात जोडून मागायचं. अकरा वर्षं भांडी हलवलीत आमची."

तेव्हा मला हे फार रास्त वाटलं होतं. खरं सांगायचं तर मजाही येत होती. ज्या माणसाला आयुष्यभर गॅलरीतून खाली बघितलं, तो एकदा वर मान करून माझ्याकडे बघणार होता. त्याच्या गाडीचा गळा माझ्या खिशातल्या एका चिठोऱ्यात होता. सोसायटीतले लोक मला जिन्यात गाठून म्हणायचे, तूच मोठेपणा घे ना. मी विचारायचो, सही कोण करत नाहीये? मी की तो? त्यावर ते जिना उतरायला लागायचे, आणि तो मी माझा विजय समजायचो.

असे सहा महिने गेले. तो आला नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तसा तो. आणि दुसरा पीळ तिसऱ्या मजल्यावर. बिल्डरचा माणूस फोन करून करून थकला. बाजारामागचं ते घर दुसऱ्या कोणी घेतलं. मी आईला सांगितलं तेव्हा ती खिडकीशी बसून शेंगा सोलत होती. तिने मान वर केली नाही. "लिप बरी होती," एवढंच म्हणाली. लिफ्टला ती लिप म्हणते. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि तरी सकाळी उठून मी चिठ्ठी दिली नाही. माणूस किती हलकट असू शकतो याचा शोध घ्यायला मला कधी घराबाहेर जावं लागलं नाही.

नोव्हेंबर उजाडला. पेन्शनवाल्यांना या महिन्यात बँकेत जाऊन हयातीचा दाखला द्यावा लागतो. मी सकाळी निघालो, आईला चहा दिला, दार ओढून घेतलं. बँकेत ही रांग. माझ्या बोटाचा ठसा काही जुळेना, तीन वेळा पुसून पुन्हा लावलं. सगळं आटोपून परत यायला साडेबारा झाले. वर आलो तर दार सताड उघडं आणि खाट रिकामी.

न्हाणीघर पाहिलं, गॅलरी पाहिली. खाली कंपाउंडमध्ये नजर गेली तर तो कोपराही रिकामा. लाल गाडी नाही. मी धडाधड जिना उतरलो. गेटवर वॉचमन म्हणाला, "काकी गाडीतनं गेल्या ना. फर्स्ट फ्लोअरवाल्या साहेबांबरोबर. आम्ही दोघांनी खुर्चीवरनं उतरवलं, पहिल्या माळ्यापासून."

"पहिल्या? आणि तिसऱ्यापासून पहिल्यापर्यंत?"

त्याने खांदे उडवले. "ते नाय माहीत."

अर्धा तास मी गेटवर उभा होतो. त्या अर्ध्या तासात त्या माणसाला घातलेल्या शिव्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, टप नसलेली गाडी, नोव्हेंबरचं ऊन. म्हातारीला पळवून सहीचा सौदा करतोय. उद्या हिला सनस्ट्रोक झाला तर याच्यावर केस टाकतो, नाहीतर नाव नाही सांगणार. मग कोपऱ्यावरून तो आवाज आला, आमची भांडी हलवणारा.

गाडी वळली तेव्हा आधी मला आईच दिसली. उजव्या बाजूला, ताठ बसलेली, मांडीवर दोन पिशव्या. डोक्यावर त्याची कॅप. लांबून बघणाऱ्याला वाटावं, म्हातारीच गाडी चालवतेय. मागे तीन रिक्षा हॉर्न वाजवत होत्या आणि ती मागे वळून त्यांना काहीतरी सुनावत होती. गेटमधून आत आली तोवर गॅलऱ्या भरल्या होत्या. मी पुढे झालो.

"काय हे आई? कोणी सांगितलं खाली यायला?"

तिने पिशवी उघडून माझ्या नाकासमोर धरली. दोन सरंगे होते. "डोळे बघ. बघ कसे चकचकतत."

"मी काय विचारतोय?"

"मी मागून इलंय," ती म्हणाली.

"काय मागून?"

तिने गाडीच्या मालकाकडे पाहिलं. तो स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता, माझ्याकडे न बघता. "दारावर काठीचा आवाज आला," तो म्हणाला. "उघडलं तर काकी खाली, लादीवर बसलेल्या. मला वाटलं पडल्या. म्हणाल्या, पडलंय नाय, बसत बसत इलंय. आणि हात जोडले रे मला. म्हणाल्या, जागा घे बाबा, आणि सही कर. माझ्या झिलाचो राग धरू नको."

"आणि मगे म्हटलंय, बाजारात ने," आई म्हणाली. "तां मात्र हुकूम म्हणान सांगितलंय."

"तू जागा कशी देणार?" माझ्या तोंडातून गेलं. अजूनही, त्या क्षणीही, हेच गेलं. "चिठ्ठी माझी आहे."

"चिठी काढलंय मी. गाऱ्हाणा घातलंय मी. कौल ज्येच्या हातात पडता त्येचो. तुका कोणी इचारलानी?" मग आवाज उतरवून, फक्त मला ऐकू जाईल असं, ती म्हणाली, "कोणीतरी मागूक व्हया होता ना तुका? बरां. झाला."

कोणीतरी जिने उतरून-चढून यावं, हात जोडावेत, ही माझी अट होती. ती पुरी झाली होती. सहा महिने मी ज्याची वाट बघत होतो ते सकाळी मी बँकेत जिवंत असल्याचं सिद्ध करत असताना घडून गेलं होतं, फक्त हात चुकीच्या माणसाचे होते. मला त्या कंपाउंडमध्ये, सगळ्यांच्या देखत, माझी लाज वाटली.

आम्ही तिला खुर्चीत बसवून वर नेलं. तो पुढे, मी मागे. "वळणावर तुझी बाजू उचल," तो म्हणाला, मी उचलली. दोघांनाही धाप लागली होती आणि मधे आई सरंग्यांची पिशवी सांभाळत बसली होती. दारात खुर्ची टेकवून तो लगेच वळला. सही त्याने दुसऱ्या दिवशी केली. आज आम्ही लिफ्टच्या घरात आहोत आणि आई दिवसाआड बाजारात जाते. ती गाडी मला अजूनही आवडत नाही. ती गाडी कुरूप आहे, गोंगाटी आहे आणि तिचा मालक दीडशहाणा आहे, आणि यात मी काही बदल करणार नाही.

पण त्या दुपारचं सांगायचं राहिलं. आईने खुर्चीवर बसूनच सरंगे कापले, तळले. वर्षभराने घरात तो वास सुटला. पहिल्या चार तुकड्या तिने डब्यात घातल्या आणि डबा माझ्यापुढे सरकवला. "ह्यो खाली नेवन दी. गरम आसा तवर."

डबा घेऊन मी जिन्यात आलो. समोरची बिल्डिंग पाडायला घेतल्यापासून आमच्या जिन्यात सिमेंटची धूळ साठते. झाडणारी आठवड्यातून दोनदाच येते, तोवर पायऱ्या पांढऱ्या. त्या दिवशी प्रत्येक पायरीच्या मधोमध एक रुंद पट्टा पुसला गेला होता. दोन्ही कडांना धूळ तशीच, मधे काळी लादी. पहिल्या पायरीवर, तिच्या खालच्या, त्याच्याही खालच्या. आणि पट्ट्याच्या बाजूला, भिंतीकडे, दर पायरीवर हाताचा पंजा उमटलेला. वळणावर, जिथे ती दम खायला थांबली असणार, तिथे पंजावर पंजा पडून सगळं फिसकटलं होतं. खुर्ची आणताना आमच्या चपलांनी काही ठसे मोडले होते, पुष्कळसे शाबूत होते.

त्या छत्तीस पायऱ्या मी कठड्याच्या बाजूने, कडेकडेने उतरलो, कशावर पाय पडू नये म्हणून. पट्टा पहिल्या मजल्यावर त्याच्या उंबऱ्याशी संपला होता. मी बेल वाजवली.